बांडगुळाचे बी आणि टारफुल्याची धूळ

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात लोधीखेडा हे गाव आहे. जाम आणि कन्हान या नद्यांचा हा मुलूख. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला व सौंसर तालुका त्यात आला. सरकारी नकाशावरच्या रेषा अशा हलत राहिल्या, तरी जमिनीचा स्वभाव काही पालटला नाही. काळ्या रानात कापूस आणि ज्वारी, विहिरीच्या पाण्यावर संत्र्यांचे मळे, आणि डोंगराच्या बाजूला साग, मोह व पळस, हीच या भागाची जुनी ओळख.

उन्हाळ्याच्या तोंडी सागाची पाने गळून गेली की एक चमत्कार नजरेस पडतो. सारे झाड खराट्यासारखे उघडे असते, पण एखाद्या फांदीवर मात्र हिरवागार, दाट पानांचा झुबका डोलत असतो. ती सागाची पालवी नव्हे. ते बांडगूळ होय. आंब्यावर, मोहावर आणि कित्येकदा बागेतल्या फळझाडांवरही ते असेच ठाण मांडून बसलेले दिसते. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठी भाषेने याच वनस्पतीचे नाव दिले आहे. शास्त्रज्ञांनी तिला दिलेले नावही फारसे सौम्य नाही. तिच्या प्रजातीस १८३० मध्ये ‘डेंड्रॉफ्थी’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडाचा क्षय असा होतो.

परंतु शिवी देऊन प्रश्न सुटत नाही. हे झाड जमिनीला कधीच शिवत नाही, मग ते उंच फांदीवर पोहोचते कसे? आपल्या पूर्वजांनाही ही गोष्ट जाणवली होती. अमरकोशात बांडगुळाला ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी, आणि ‘वृक्षादनी’ म्हणजे झाडाला खाणारी, अशी नावे आहेत. त्याचे राहणे आणि खाणे या दोन्ही गोष्टी त्या नावांत आल्या. त्याचे येणे मात्र आले नाही. रोमन लोकांनी त्याचे येणेही पाहिले होते. युरोपातील बांडगुळाच्या फळापासून पक्षी धरण्याचा चिकट लासा तयार करीत, आणि तेच फळ खाऊन कस्तुर जातीचा पक्षी त्याचे बी पसरवी. तेव्हा हा पक्षी स्वतःच्या मरणाची पेरणी स्वतःच करतो, अशा अर्थाची म्हण लॅटिन भाषेत रूढ झाली. प्लिनी या रोमन ग्रंथकाराची तर अशी समजूत होती की, पक्ष्याच्या पोटातून गेल्यावाचून हे बी रुजतच नाही. ही समजूत पूर्ण खरी नव्हती. फळाची साल निघाली म्हणजे ते बी हाताने लावले तरी रुजते. तथापि तिच्यात सत्याचा अंश होता, कारण रानात ती साल काढण्याचे काम पक्षीच करतो.

बी पसरते कसे, हा प्रश्न डोळ्यांनी पाहून तरी सुटण्याजोगा होता. बी तयार कसे होते, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत राहिला, आणि त्याच्या उत्तराचा आरंभ हिंदुस्थानातच झाला. विल्यम ग्रिफिथ हा तरुण इंग्रज डॉक्टर १८३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला उतरला. नोकरी वैद्याची, पण मन सारे वनस्पतींत. चंदन हे झाडदेखील दुसऱ्या झाडांच्या मुळांतून रस घेणारे आहे, हे त्या वेळी शास्त्राला ठाऊक नव्हते. ती गोष्ट कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील जॉन स्कॉट यांनी १८७१ मध्ये उघड केली. ग्रिफिथ यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी चंदनाच्या फुलाचे अंडाशय उघडून पाहिले, आणि १८३६ पासून पुढे चंदन व बांडगूळ यांच्या बीजांडांविषयीचे त्यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे गेले. त्यांत दिसलेली गोष्ट विलक्षण होती. सामान्य फुलात बीजांडाभोवती एक किंवा दोन आवरणे असतात, आणि पुढे त्यांचीच बियांवरील साल बनते. चंदनाच्या बीजांडावर असे आवरण नव्हते. ते उघडे होते, आणि त्याच्या आतला भ्रूणकोश बीजांडाची मर्यादा ओलांडून बाहेर डोकावत होता. बांडगुळात तर बीजांड म्हणून वेगळे दाखविता येईल असे काही सापडणेच अवघड होते. ग्रिफिथ १८४५ मध्ये मलाक्का येथे, वयाची पस्तिशी पुरी होण्याच्या आतच वारले. त्यांचे पुष्कळसे कागद त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी जावा बेटावरील बॉयटेनझॉर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील उद्यानाचे संचालक मेल्खिऑर ट्रॉइब यांनी हा धागा उचलला. १८८१ पासून पुढे त्यांनी तेथील बांडगुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु सारे चित्र स्पष्ट होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि ते काम मुख्यतः भारतीयांच्या हातून झाले. जयपूर येथे १९०४ मध्ये जन्मलेले पंचानन माहेश्वरी यांनी आग्रा, ढाका आणि १९४९ पासून दिल्ली येथे अध्यापन करीत असता वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाची एक परंपराच उभी केली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९५० मध्ये निघाला आणि जगभर पाठ्यग्रंथ म्हणून मान्य झाला. आपल्याकडच्या नेहमीच्या बांडगुळाच्या फुलाची रचना व भ्रूणविकास यांवरील बहादुर सिंह यांचा विस्तृत निबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. माहेश्वरी, ब्रिजमोहन जोहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये या सबंध गटाचा आढावा घेतला.

या अभ्यासातून जे दिसले ते थोडक्यात असे. सामान्य फुलात परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून एक नळी फुटते, ती कुक्षिवृंतातून खाली उतरते, आणि अंडाशयात वाट पाहत असलेल्या बीजांडापाशी पोहोचते. वर हा वराकडचा प्रवास, आणि वधू आपल्या घरी स्थिर. बांडगुळाच्या कुळात हा रिवाजच उलटा आहे. अंडाशयात स्वतंत्र बीजांड नसते. त्याच्या तळच्या पेशीसमूहातच एकाहून अधिक भ्रूणकोश तयार होतात, आणि ते तेथे न थांबता वर चढू लागतात. कित्येक प्रजातींत ते कुक्षिवृंतात बरेच उंच जातात. दक्षिण आफ्रिकेतील मोक्विनिएला या बांडगुळात भ्रूणकोश थेट कुक्षीपर्यंत जाऊन भिडतो, आणि त्याची लांबी ४८ मिलिमीटरपर्यंत भरते. सपुष्प वनस्पतींत इतका लांब भ्रूणकोश अन्यत्र आढळलेला नाही. एरवी भ्रूणकोश पाहावयास सूक्ष्मदर्शक लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या लांबीचा अर्थ कळतो.

फलन असे वरच्या मजल्यावर झाले, तरी बी वाढावयाचे खाली अंडाशयात. म्हणून कोवळ्या भ्रूणाला परत उतरावे लागते. त्याच्या वरच्या टोकाशी दोन रांगांत मांडलेल्या पेशींचा एक लांब दोर तयार होतो, आणि तो वाढत जाऊन भ्रूणाला खाली ढकलीत नेतो. विहिरीत पोहरा सोडावा तशी ही क्रिया असते. अंडाशयाच्या तळाशी जाड भिंतींच्या पेशींची एक गादी असते; तिच्यापाशी हा उतार थांबतो. निरनिराळ्या भ्रूणकोशांतून आलेले असे एकाहून अधिक भ्रूण तेथे जमतात. त्यांचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, एकमेकांत मिसळून एकच होते. ताट एक आणि जेवणारे अनेक, अशी ही पंगत असते. पण शेवटी बहुधा एकच भ्रूण तगतो आणि बाकीचे जिरून जातात. बीजांडाला आवरण नव्हते, म्हणून बियांवर सालही येत नाही. त्या सालीची उणीव फळाची भिंत भरून काढते. तिच्यातील एक थर अतिशय चिकट होतो, आणि हा चिकटपणाच पुढे बांडगुळाच्या संसाराचा आधार ठरतो.

या संशोधनाचा एक परिणाम वर्गीकरणावरही झाला. युरोपातील बांडगूळ आणि आपल्याकडील लांब, नळीदार फुलांचे बांडगूळ ही पूर्वी एकाच कुळातील मानीत. परंतु त्यांच्या भ्रूणकोशाची घडण निराळी आहे, असे दिसून आले. पुढे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बार्लो यांनी दोहोंची स्वतंत्र कुळे मानून मांडणी केली. झाडाचे गोत्र बाह्य रूपावरून नव्हे, तर त्याच्या जन्माच्या रीतीवरून ठरले. १९६२ मध्ये जोहरी आणि बजाज यांनी बांडगुळाचा पक्व भ्रूण काढून काचपात्रातील पोषक द्रव्यावर वाढविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. फांदीवाचून ज्याला जगता येत नाही असे मानीत, त्याची वाढ यजमान वृक्षाशिवाय प्रयोगशाळेत पाहता आली.

आता फुलाकडून पक्ष्याकडे वळावयाचे. या बाबतीत कोकणाचा वाटा मोठा आहे. दक्षिण ठाणे भागात बांडगूळ कसे पसरते, याविषयी रायन या वनाधिकाऱ्याचे टिपण १८९९ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात आले होते. त्यानंतर १९३१ मध्ये डॉ. सलीम अली यांचा निबंध मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या या पक्ष्यांचे कार्य काय, हाच त्या निबंधाचा विषय होता. बर्लिनहून परत आल्यावर नोकरी नसलेल्या त्या काळात सलीम अली यांचा मुक्काम अलिबागजवळील किहीम येथे होता. सुगरण पक्ष्यावरील त्यांचे प्रसिद्ध काम त्याच काळातले.

बांडगुळाची कळी पिकली तरी आपण होऊन नीट उमलत नाही. पाकळ्या टोकाशी जुळलेल्या आणि आतून ताणलेल्या असतात. मध टिपावयास आलेल्या शिंजिराने चोचीने कळी दाबली की ती एकदम फुटते, पाकळ्या मागे वळतात आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर उडतो. तोच पराग पुढच्या फुलाच्या कुक्षीला लागतो. म्हणजे लग्नाचा मध्यस्थ शिंजीर होय. बी पेरण्याचे काम मुख्यतः दुसऱ्याकडे, म्हणजे फुलटोच्याकडे आहे. हा अवघा आठ सेंटिमीटरांचा, राखी रंगाचा, सतत चिकचिक करणारा पक्षी भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक आहे. तो पिकलेले फळ घेतो, आणि बी काही मिनिटांतच त्याच्या पोटातून बाहेर पडते. त्याच्या जठराची रचना अशी आहे की, ही फळे दळली न जाता बाजूने निघून जातात, आणि किडे मात्र जठरात जातात. बाहेर पडणारे बी अजूनही चिकट असते. ते शेपटीशी अडकते. ते काढण्यासाठी पक्षी फांदीवर अंग घासतो, आणि बी फांदीला लागते. शेतकरी पाभरीने जितके नेमके बी टाकतो, तितक्याच नेमकेपणाने हा पक्षी ते जिवंत सालीवर टाकतो.

एकदा फांदीला लागलेले बी पावसाची वाट पाहत नाही. त्याला विश्रांतीचा काळ नसतो. त्यातून हिरवा कोंब निघतो, त्याचे टोक वाकून सालीला टेकते, तेथे चकतीसारखे पसरते, आणि तिच्या मधून शोषकमूळ लाकडात शिरते. हे बी दगडावर किंवा तारेवर पडले तरी रुजते. पण तेथे पाणी मिळत नाही आणि ते मरते. जिवंत लाकडात शिरलेले बांडगूळ मात्र यजमानाचे पाणी आणि क्षार ओढते, व आपल्या हिरव्या पानांनी अन्न स्वतः तयार करते. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. त्याच्या तळापासून निघालेली मुळे फांदीच्या सालीवरून सरपटत जातात आणि ठिकठिकाणी नवी शोषकमुळे रोवतात. नुसता झुबका ओढून काढला तर ते पुन्हा फुटते, याचे कारण हेच. ज्या झाडांवर ते वाढते त्यांची यादी चारशे जातींच्या आसपास गेली आहे.

बांडगूळ आकाशाच्या वाटेने येते. लोधीखेड्याच्या काळ्या रानातील दुसरा परोपजीवी जमिनीच्या पोटातून येतो. ज्वारीच्या तासांत वीतभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची जी रोपटी दिसतात, त्यांना मराठीत टारफुला म्हणतात. ते ज्वारीच्या मुळांना चिकटलेले असते. रोप वर दिसू लागण्यापूर्वीच ज्वारी सुकू लागलेली असते, आणि शेतकरी दोष पावसाला देतो. टारफुल्याची प्रजननाची तऱ्हा बांडगुळाच्या अगदी उलट आहे. बांडगुळाच्या एका फळात एकच बी, अन्नाने भरलेले आणि चिकट. टारफुल्याच्या एका रोपावर हजारो बिया, पन्नास हजार किंवा त्याहूनही अधिक, आणि प्रत्येक बी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. धूळ म्हणून मुठीत घेतली तर माती कोणती आणि बी कोणते, हे सांगता येणार नाही. वाऱ्याने, पुराच्या पाण्याने, बैलांच्या खुरांनी आणि औताच्या फाळाला लागलेल्या मातीने ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. त्याच्यापाशी शिदोरी जवळजवळ नसते. रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर ते मरते.

म्हणून टारफुल्याचे बी वाट पाहते. दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ ते जमिनीत जिवंत राहू शकते, आणि जवळच्या मुळातून विशिष्ट द्रव्य पाझरले तरच रुजते. हे द्रव्य शोधण्याचा इतिहास ज्वारी आणि कापूस यांच्या जोडीशी निगडित आहे. अमेरिकेतील कॅरोलिना राज्यांत १९५६ मध्ये मक्याच्या शेतांत एक अपरिचित तण सापडले. ते ओळखून दिले ते भारतातून शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याने, असे तेथे सांगितले जाते. त्याच्या निर्मूलनासाठी मोठी मोहीम सुरू झाली, आणि तिच्याबरोबर संशोधनही. १९६६ मध्ये कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बी रुजविणारे द्रव्य वेगळे केले. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून त्याला स्ट्रिगॉल म्हणतात. नवल असे की, ते त्यांना ज्वारीच्या किंवा मक्याच्या नव्हे, तर कापसाच्या मुळांतून मिळाले. कापूस टारफुल्याला हाक मारतो, पण घरात घेत नाही. हाकेला भुलून बी रुजते आणि उपाशी मरते.

ज्वारीनंतर कापूस आणि कापसानंतर ज्वारी, हा फेर काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो जमिनीचा कस राखण्यासाठी होता, पैशासाठी होता. पण त्याच्या पोटात टारफुल्याचे बी कमी करणारी ही युक्तीही दडलेली होती. पुढे अमेरिकेत जमिनीत इथिलीन वायू सोडून बी अवेळी रुजविण्याची पद्धत वापरली गेली. तत्त्व कापसाचेच होते. मग प्रश्न उरला की, ज्वारीने आपल्या शत्रूला हाक मारावीच का? त्याचे उत्तर २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून आले. ही द्रव्ये मुळांतून पाझरतात ती जमिनीतील उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी. ती बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते. मित्राला घातलेली साद चोराने ऐकली, एवढाच त्याचा अर्थ. २००८ मध्ये असेही दिसले की, याच वर्गातील द्रव्ये झाडाच्या फांद्यांचा फुटवा आवरून धरतात. एका तणाच्या बियांच्या अभ्यासातून वनस्पतींच्या वाढीचे एक मोठे रहस्य असे हाती आले.

या सर्व इतिहासाचा शेतकऱ्याला उपयोग सरळ आहे. बांडगूळ काढावयाचे तर त्याची फळे पिकण्यापूर्वी काढावे, आणि नुसता झुबका न तोडता शोषकमुळे जेथवर पोहोचली असतील त्याच्या खालून फांदी छाटावी. टारफुला उपटावयाचा तर फूल धरल्याबरोबर, बोंड फुटण्याच्या आत. कारण एक रोप राहिले तरी ते पुढच्या दहा वर्षांची पेरणी करून जाते. ज्वारीवर ज्वारी घेण्याचे टाळावे, आणि कापसाचा फेर मोडू नये.

परंतु बागेतील बांडगूळ आणि रानातील बांडगूळ यांत भेद करावयास हवा. ऑस्ट्रेलियात वॉटसन आणि हेरिंग यांनी रानाच्या काही तुकड्यांतून सारे बांडगूळ काढून टाकले आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तुकड्यांतून पक्ष्यांच्या सरासरी पंचमांशाहून अधिक जाती नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यांत बांडगुळाला कधी चोचही न लावणारे, किडे खाणारे पक्षी पुष्कळ होते. बांडगुळाची गळलेली पाने जमीन पोसतात, त्या पानांखाली किडे वाढतात, आणि किड्यांवर पक्षी जगतात. किडे खाणारे पक्षी कमी झाले तर त्याची झळ शेजारच्या शेतालाही लागते.

सागाच्या उघड्या फांदीवरचा तो हिरवा झुबका आता निराळ्या नजरेने पाहता येईल. त्याच्या एका बियांमागे वर चढणारा भ्रूणकोश आहे, दोराने खाली उतरणारा भ्रूण आहे, कळी फोडणारा शिंजीर आहे आणि फांदीला अंग घासणारा फुलटोच्या आहे. बागाइतदाराने आपल्या झाडावरचे बांडगूळ अवश्य छाटावे. ते त्याचे नुकसानच करते. डोंगरावरच्या मोहावरील एखादे मात्र तसेच राहू द्यावे. ज्याला भाषेने आयतोबा ठरविले, त्याच्याही पंगतीला पुष्कळ जण जेवत असतात.